शुगर मोजते ती पट्टी

वसई-विरारमध्ये लोकलच्या गर्दीखालोखाल कोणाला बोल लावले जात असतील, तर ते घरातल्या शुगरच्या मशीनला. ‘मशीन खोटं दाखवतं, लॅबचा आकडा वेगळाच आला!’

खरं तर साखर ओळखणारा सेन्सर मशीनमध्ये नसतोच. तो पट्टीवर असतो. पट्टीच्या टोकाशी वाळवून बसवलेलं एन्झाइम रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, शेजारचं रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं आणि मशीन तो क्षीण विद्युतप्रवाह मोजतं. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची ही जोडी लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये सुचवली. पेनाएवढं घरगुती मशीन यायला १९८७ उजाडलं.

मग लॅबशी फरक का पडतो? २०१३ च्या आयएसओ निकषानुसार साखर १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असताना शंभरातले ९५ आकडे लॅबच्या १५ टक्के आतबाहेर असले, तरी मशीन पास. म्हणजे लॅबमध्ये २०० आले आणि घरी १७५, तर कोणीच खोटं बोललेलं नाही. त्यात जेवणानंतर बोटाच्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्तच असते. पंडुरोग असेल तर बऱ्याच पट्ट्या आकडा फुगवतात. म्हणून मधुमेहाचं निदान लॅबच्या तपासणीवरच करायचं. मशीन आहे ते रोजच्या देखरेखीसाठी.

‘बोटाला स्पिरिट लावलं की झालं’ हा समज मात्र खरोखर महागात पडतो. वसईची सुकेळी खाल्ली आणि त्याच हाताने बोट टोचलं, की कातडीवरची साखर त्या इवल्याशा थेंबात विरघळते. पट्टीला ती रक्तातली की केळ्यातली, हे कळत नाही. स्पिरिटने ही साखर नीट निघत नाही. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं, तर दमटपणाने एन्झाइम बिघडतं.

‘एका थेंबात सगळे आजार कळतात’ असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. रक्तात ग्लुकोज लिटरला ग्रॅमभर असतं, तर हृदयविकारात वाढणारं ट्रोपोनिन नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे कोट्यवधी पटींनी कमी. ते पकडायला वेगळी, फार संवेदनशील चाचणी लागते. असाच दावा करणारी अमेरिकेतली थेरानोस कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. प्रत्येक चाचणीची पद्धतही वेगळी असते: डेंग्यूच्या कार्डावर रंगाची रेघ उमटते, तिथे वीज मोजलीच जात नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तरी निर्विवाद, असंही नाही. पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळ कमी मिळतो, त्यामुळे तो आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल, तर ही तपासणी करण्याआधी डॉक्टरांना तसं जरूर सांगा.