केसभर फरक कमी खर्चात कसा मोजावा?

आमची उमर कापडाच्या धंद्यात गेली. विजेच्या वस्तूंत आम्ही कच्चेच. पण आमच्या दुकानाला लागून वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचे दुकान आहे. मागच्या वर्षी त्याच्या गिऱ्हाइकाने वीस सेट परत आणून टाकले. तक्रार अशी की लावलेली फ्रिक्वेन्सी चुकीची आहे. कारागीर म्हणे, माझा काउंटर बरोबर आकडा दाखवतो. दोघेही खरे बोलत होते. काउंटर ज्या क्रिस्टलच्या जोरावर मोजतो, तो क्रिस्टलच दहा लाखांत तीन भाग सरकला होता. ४५ कोटी हर्ट्झच्या सेटवर ही चूक १,३५० हर्ट्झची होते. गज खोटा असेल तर कापड मोजून काय उपयोग?

गज तपासायला दुसरा, जास्त पक्का गज लागतो. तो महाग असलाच पाहिजे असे नाही. टेलिफोनच्या जुन्या यंत्रांतून निघालेले, छोट्या गरम डबीत ठेवलेले १ कोटी हर्ट्झचे क्रिस्टल भंगारात मिळतात. खरी अडचण पुढे येते. दोन चांगल्या क्रिस्टलमधला फरक इतका बारीक असतो की साधा काउंटर एका सेकंदात १ हर्ट्झपर्यंत, म्हणजे कोटीत एक भागापर्यंतच पोहोचतो. त्याखालचे त्याला दिसत नाही.

इथे आम्हाला आमचा धंदा आठवला. पातळ मलमलीचे दोन थर एकावर एक ठेवून उजेडात धरा. रुंद लहरी दिसतात. एका थरात इंचाला ६० तार आणि दुसऱ्यात ६१ असतील, तर इंचाला एक पट्टा उमटतो. एक तार डोळ्याला दिसत नाही, पट्टा मात्र आंधळ्यालाही दिसावा! रेघा आखलेली काच कापडावर ठेवून तार मोजण्याचे साधन याच तत्त्वावर चालते. दोन फ्रिक्वेन्सी मिसळल्या की त्यांचाही असाच पट्टा पडतो, आणि त्याची गती म्हणजेच दोघांतला फरक.

सर्वांत स्वस्त रीत जुन्या ऑसिलोस्कोपची. एका क्रिस्टलवर स्कोपचे चित्र स्थिर करा आणि दुसऱ्याची लाट पडद्यावर पाहा. फरक असेल तर लाट सरकत राहते. पूर्ण एक लाट सरकायला १०० सेकंद लागले, तर फरक शंभरावा हिस्सा हर्ट्झ, म्हणजे शंभर कोटींत एक भाग. मनगटी घड्याळ पुरते. सेकंदाची चूक झाली तरी ती फरकाच्या शंभरात एकच भाग होते. लाट डावीकडे सरकली तर दुसरा क्रिस्टल जलद आहे.

याहून बारीक हवे असेल तर तिसरा क्रिस्टल घ्यावा, मुद्दाम १० हर्ट्झने बाजूला लावलेला. पहिले दोन्ही त्याच्याशी वेगवेगळे मिसळावेत. प्रत्येकाचा १० हर्ट्झचा ठोका निघतो आणि मूळ फरक दहा लाख पट मोठा होऊन त्यात दिसतो. तिसऱ्याची डगमग दोन्हींवर सारखी पडते, म्हणून वजाबाकीत बरीचशी निघून जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९७५ मध्ये ही रीत मांडली. आज दोन मिक्सर आणि लहानशी मायक्रोकंट्रोलर पाटी एवढ्यावर घरीही ती जमते. मात्र इतक्या मंद ठोक्याची कड स्वच्छ काढणे सोपे नाही. तिथे घाई करणारा फसतो.

आणखी एक फसवणूक आमच्या शेजाऱ्याला भोवली. दोन्ही क्रिस्टल एकाच पुरवठ्यावर जवळजवळ ठेवले, तेव्हा लाट थांबलीच. तो खूश झाला. खरे तर एकाने दुसऱ्याला ओढून आपल्या चालीवर आणले होते. १६६५ मध्ये हायगेन्सने एकाच आधाराला टांगलेल्या दोन लंबकांत हाच प्रकार पाहिला होता. पुरवठा वेगळा केला, मध्ये बफर घातला, डब्या दूर ठेवल्या, तेव्हा लाट पुन्हा चालू लागली. गरम डबीचा क्रिस्टल निदान एक दिवस चालू ठेवल्याशिवाय त्याचा आकडा धरू नये, हेही तेव्हाच समजले.

पण दोघांच्या तुलनेत खोटा कोण हे कळत नाही. त्यासाठी जीपीएस रिसीव्हरचा सेकंदाचा ठोका घ्यावा. तो एकेका सेकंदाला अब्जांश सेकंदांच्या पन्नास-साठ घरांत हलतो, म्हणून घाईच्या कामाचा नाही. दिवसभराच्या ८६,४०० सेकंदांवर वाटला की तीच चूक लाख कोटींत एक भागाच्याही खाली जाते.

शेजाऱ्याने आधी भंगारातला क्रिस्टल जीपीएसवर लावून घेतला आणि मग त्यावरून काउंटर. ३० हर्ट्झची चूक निघाली. स्क्रू फिरवत फिरवत त्याने लाट इतकी मंद केली की एक फेरा २० सेकंदांचा झाला. वीस सेट त्याने फुकट पुन्हा लावून दिले. आता दर महिन्याला दुकान उघडण्याआधी तो दोन्ही क्रिस्टल जोडतो आणि लाटेचा वेळ वहीत मांडतो. वही आमच्याच दुकानातली आहे, मीटरचा हिशेब लिहायची.