उंदीर तरंगतो, म्हणजे खचतो?

बी. फार्म.च्या वर्गात नैराश्यावरची औषधं शिकवायला घेतली की मी आधी एक व्हिडिओ लावते. काचेच्या उभ्या नळकांड्यात पाणी, त्यात उंदीर. तो काचेवर पंजे मारतो, गरागरा पोहतो; मग हातपाय सोडून, नाक तेवढं वर ठेवून तरंगतो. सहा मिनिटांतल्या शेवटच्या चारांत तो किती सेकंद निश्चल राहिला, ते स्टॉपवॉचवर मोजायचं. 1977 मध्ये रॉजर पोरसोल्ट यांनी मांडलेली ही चाचणी. निश्चलता म्हणजे हताशा. औषधाने ती घटली तर औषध कामाचं, असा हिशोब.

“मॅडम, तो खचला कशावरून? शहाणा झाला असेल!” कुणीतरी हमखास म्हणतं. शंका रास्त आहे. बाहेर पडता येत नाही हे कळल्यावर ताकद राखून ठेवणं हा आजार कसा? शिवाय माणसाला या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; इथे एका दिवसात फरक दिसतो. अँफेटामिनसारखं उत्तेजक दिलं तरी उंदीर जास्त पोहतो, म्हणून त्याची एरवीची धावपळ वाढली का, हे मोकळ्या पेटीत वेगळं तपासावं लागतं.

पॉल विल्नर यांची पद्धत मला अधिक पटते. ओलं अंथरूण, तिरका पिंजरा असे बारीकसारीक त्रास उंदरांना आठवडेच्या आठवडे द्यायचे आणि साखरपाण्याची ओढ कमी होते का ते बघायचं. पण ती वेळखाऊ, खर्चिक. शिवाय दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच निकाल मिळतीलच असं नाही. त्यामुळे घाईत असलेला संशोधक पुन्हा नळकांड्यात पाणी भरतो.