कुस्ती दिसतेय, मग समालोचक कशाला?

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल, त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलण्यातलं ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. मोबाईलवर कुस्ती चालू आहे, नाहीतर कबड्डी. आपल्याला सगळं दिसतंय. मग बोलणारा माणूस लागतो कशाला? आणि लागत असेल, तर चांगला समालोचक कोणता आणि नुसता बडबड्या कोणता, हे ओळखायचं कसं? क्रिकेटच्या समालोचकांवर आपण कट्ट्यावर तासन् तास भांडतो. आपल्या मातीतल्या खेळांबाबत मात्र हा विषय कुणी काढतच नाही. म्हणून म्हटलं, आपण काढू.

मैदानातला माईक वेगळा, टीव्हीचा वेगळा

आपल्या बावड्याच्या आसपास, इंदापूर-बारामती पट्ट्यात, गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. नीरा ओलांडून अकलूजला गेलात तरी कुस्तीचं वेड तेवढंच. तिथे माईकवर बोलणाऱ्याला आपण निवेदक म्हणतो. तो किती कामं करतो बघा. जोड्या पुकारतो. पैलवान कुठल्या गावचा, कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, ते सांगतो. इनाम कुणी लावलं त्याचं नाव घेतो. मधेच पाहुण्यांचं स्वागत, मधेच ‘पुढच्यांनी खाली बसून घ्या’. हलगी चालू असतेच. आणि हे सगळं करता करता तो डावही सांगतो, कारण लांब बसलेल्या माणसाला कुणाचा हात कुठे गुंतलाय ते दिसत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोथळीचे शंकर पुजारी हे या कामातलं मोठं नाव. असे निवेदक मैदान बांधून ठेवतात. ते न थांबता बोलतात, आणि तिथे ते बरोबरच असतं.

रेडिओवर तर याहून जास्त बोलावं लागतं. बाळ ज. पंडित स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. आकाशवाणीवर ते मराठीतून क्रिकेट सांगायचे, तेव्हा ऐकणाऱ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. चेंडू कुठे गेला, कोण पळतंय, ऊन आहे की ढग, सगळं शब्दांतूनच पोचवायचं.

टीव्हीवर हे गणित उलटं होतं. पैलवानाने पट काढला हे मला दिसलंय. ‘पट काढला, पट काढला, काय पट काढलाय!’ हे ऐकून माझ्या माहितीत काय भर पडली? मैदानात शिकलेला माणूस टीव्हीवर आला की पहिली अडचण हीच होते. सवय न थांबता बोलायची, आणि समोरच्याला निम्मं आधीच दिसतंय.

मग टीव्हीवरच्या समालोचकाचं काम काय? माझ्या मते तीन गोष्टी: घडायच्या आधी कुठे बघायचं ते सांगणं, घडत असताना गप्प बसणं, आणि घडून गेल्यावर का घडलं ते सांगणं. पुढचं सगळं या तिन्हींतूनच येतं.

आधी: कुठे बघू ते सांगा

कबड्डीचं उदाहरण घेऊ, कारण प्रो कबड्डी 2014 पासून आपल्या घरोघरी आहे. चढाई 30 सेकंदांची. त्या वेळात आपली नजर चढाईपटूवरच असते. पण खेळ बऱ्याचदा कोपऱ्यातल्या बचावपटूच्या पायात असतो. तो अर्धं पाऊल पुढे सरकला की समजायचं, आता घोट्याला हात पडणार. हे समालोचकाने आधी सांगितलं पाहिजे, पकड झाल्यावर नव्हे.

तसंच चढाई सुरू होण्याआधीचा हिशोब. समजा मागच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात. म्हणजे ही तिसरी, ‘डू ऑर डाय’. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. समोर बचावात पाच जण. बोनस मिळायला समोर किमान सहा लागतात, म्हणजे बोनसची वाट बंद. आता त्याला कुणाला तरी शिवावंच लागणार. समोर तिघेच असते, तर त्यांनी त्याला धरल्यावर ‘सुपर टॅकल’चा एक जादा गुण मिळाला असता, म्हणून ते अंगावर येण्याची शक्यता वाढली असती. हे सांगायला दहा सेकंद लागतात. पण ते कळलं की पुढची चढाई आपण वेगळ्याच डोळ्यांनी बघतो.

कुस्तीतही तेच. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे 30 सेकंद विश्रांती. गुणफलकावर 1-1 दिसतंय. बघणारा म्हणतो, बरोबरी. पण दोघांना एकेकच गुण असेल आणि ताकिदीही सारख्याच असतील, तर ज्याने शेवटचा गुण घेतला तो पुढे असतो. म्हणजे एक पैलवान हरतोय आणि त्याला धोका पत्करावाच लागणार आहे. फलक हे ओरडून सांगत नाही. समालोचकाने सांगायचं. नाहीतर शेवटच्या मिनिटात हा गडी अचानक अंगावर का जातोय, हे आपल्याला कळतच नाही.

घडताना: गप्प बसा

हे सगळ्यात अवघड. माईक हातात आणि तोंड बंद, हे आपल्या स्वभावात नाही.

पण विचार करा. चढाईपटूचा ‘कबड्डी कबड्डी’ हा दम ऐकू येतो, तो टिपेला जातो, पब्लिकचा आवाज चढतो, आणि एकदम सगळे उठतात. कुस्तीत हलगीचा ठेका वाढतो, कोपऱ्यातून वस्ताद ओरडतो, ‘सोडू नको!’ हा आवाज म्हणजेच अर्धा खेळ. त्याच्यावर कुणी स्वतःचा आवाज चढवला की दोन्ही वाया जातात.

मोबाईलवर बघणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं. हातभर लांबीवर छोटी स्क्रीन, कानात इअरफोन. आवाज थेट मेंदूत. टीव्हीच्या हॉलमध्ये चालून जाणारी आरडाओरड कानात टोचते. शिवाय प्रत्येक साध्या चढाईला आवाज टिपेला नेला, तर खऱ्या मोठ्या क्षणाला न्यायचा कुठे? जिथे सगळंच अविश्वसनीय असतं, तिथे काहीच अविश्वसनीय राहत नाही.

नंतर: का झालं ते सांगा, आपल्या शब्दांत

डाव झाला, पब्लिक शांत झालं. आता बोला, आणि नेमकं बोला. आपल्या भाषेकडे यासाठी खजिना आहे: एकेरी पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकलंगी, धोबीपछाड, बाहेरची टांग. कबड्डीत चढाई, पकड, लोण, निदान रेषा. हे शब्द दिखाव्यासाठी नाहीत. ‘छान मूव्ह’ म्हटल्यावर काहीच कळत नाही. ‘हात बगलेत धरला, अंग फिरवलं आणि ढाक लावली’ म्हटल्यावर रिप्लेमध्ये नेमकं काय बघायचं ते कळतं.

पण नुसतं नाव घेऊनही भागत नाही. तालमीत न गेलेल्या पोरीला किंवा पुण्यात वाढलेल्या भाच्याला ‘कलाजंग’ म्हणजे काय माहीत असेलच असं नाही. चांगला समालोचक डावाचं नाव घेतो आणि एका वाक्यात उलगडतो. जुन्या जाणत्याला कमीपणा वाटत नाही, नवखा बाहेर पडत नाही. ‘डू ऑर डाय’सारखे इंग्रजी शब्दही रुळलेत, ते वापरायला हरकत नाही. फक्त आपला शब्द असताना तो विसरू नये.

माणूस माहीत हवा

इथे जरा लांब, आयर्लंडला जाऊ. तिथे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे त्यांच्या मातीतले खेळ. 1884 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, आणि आजही मोठमोठे खेळाडू पगारी नसतात. कुणी मास्तर, कुणी शेतकरी. खेळतात ते आपल्या गावासाठी आणि परगण्यासाठी. आपल्या तालमींशी जुळणारी गोष्ट आहे की नाही?

त्यांचे समालोचक मिहाल ओ मुरहर्टी 1949 पासून 2010 पर्यंत माईकवर होते. बरेच लोक टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि रेडिओवर त्यांना ऐकत मॅच बघायचे. का? कारण त्यांना खेळाडूचं घर माहीत असायचं. एका खेळाडूचे वडील फर्मॅनाचे, आई फिजी बेटांवरची, आणि दोन्ही ठिकाणं हर्लिंगसाठी फारशी प्रसिद्ध नाहीत, अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य तिथे आजही सांगितलं जातं. एका वाक्यात हसू आलं आणि त्या पोराने किती लांबचा पल्ला गाठलाय तेही कळलं.

आपल्याकडे ‘गरीब घरातला पैलवान’ एवढं बोलून पुढे जातात. त्याऐवजी कुठल्या तालमीत, कुणाच्या हाताखाली, कुठल्या डावावर मेहनत घेतली, हे सांगा. ही माहिती कुस्तीच्या दिवशी मिळत नाही. आदल्या दिवशी वस्तादांशी बसून बोलावं लागतं. चांगल्या समालोचनाचा मोठा भाग माईक सुरू होण्याआधीच झालेला असतो.

खरी परीक्षा: वाद झाल्यावर

आता मुद्द्याचं. जानेवारी 2023, पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती. महेंद्रने बाहेरची टांग लावली, चार गुण मिळाले, आणि राज्यभर वाद पेटला. नियमाचा गाभा असा: उभ्यातून टाकलेला पैलवान थेट धोकादायक स्थितीत गेला, म्हणजे त्याची पाठ जमिनीकडे वळली, तर चार गुण. तसं न होता नुसताच खाली येऊन ताब्यात गेला, तर दोन. सगळं भांडण त्या एका क्षणाच्या पाठीवर होतं. क्लिप स्लो मोशनमध्ये गावोगाव फिरली, प्रत्येक मोबाईलवर एक पंच तयार झाला. पंचांना फोनवरून धमकी दिल्याची तक्रार पोलिसांत गेली.

पुढे 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. चितपटीचा निर्णय शिवराजला मान्य नव्हता. दोन्ही खांदे टेकले नाहीत असं त्याचं म्हणणं. राग पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेला. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडने कुस्ती अर्ध्यावर सोडली. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

त्या निर्णयांत कोण बरोबर, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. प्रश्न असा आहे की अशा दहा सेकंदांत समालोचकाने काय बोलावं? मैदानात हजारो माणसं, बाहेर लाखो मोबाईल. तो जे वाक्य बोलेल तेच क्लिपला चिकटून फिरणार. ‘अन्याय झाला!’ म्हणाला की झालं. ‘पंचांचा निर्णय शिरसावंद्य’ एवढंच म्हणून गप्प बसला, तरी लोकांना वाटणार की काहीतरी लपवतायत.

मला वाटतं, त्याने तीन गोष्टी सांगाव्यात. एक, नियम काय आहे: चितपट म्हणजे दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले आणि पंचाला ताबा दिसेल इतका वेळ धरलेले, आणि ती रेफ्रीने एकट्याने द्यायची नसते, जज किंवा मॅट चेअरमनची संमती लागते. दोन, पंच कुठे उभे होते आणि कॅमेरा कुठे होता. बाजूने खांदा टेकलेला दिसतो, तोच समोरून अधांतरी दिसू शकतो. तीन, या कोनातून आपल्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाही. तिसरी गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला सगळ्यात जास्त हिंमत लागते. पण ती ऐकली, तर घरी बसलेला पोरगा पंचाला शिवी द्यायच्या आधी दुसरा कोन शोधेल.

एका पैलवानाची वर्षानुवर्षांची मेहनत आणि एका पंचाची सुरक्षितता, दोन्ही त्या वाक्यावर थोडी का होईना अवलंबून असतात. म्हणून म्हणतो, समालोचन ही नुसती करमणूक नाही.

ओळखायचं कसं?

सोपी चाचणी. पुढची कुस्ती किंवा कबड्डी बघताना पहिला भाग आवाज बंद करून बघा, दुसरा आवाज लावून. आवाज लावल्यावर तुमची नजर नव्या जागी गेली का? निर्णय का झाला ते कळलं का? पब्लिकचा आवाज ऐकू आला का? तिन्हीला ‘हो’ आलं तर माणूस चांगला. नुसतं डोकं दुखलं, तर तो बडबड्या.

आणि आपल्यातली जी पोरं यात्रेतल्या कुस्त्या यूट्यूबवर लाईव्ह करतात, त्यांना एक विनंती. कॅमेरा तुमच्याकडे आहे, डेटा स्वस्त आहे, आता आवाजावर काम करा. गावातल्या एखाद्या जुन्या वस्तादांना शेजारी बसवा. तुम्ही गुण आणि वेळ सांगा, डाव त्यांना सांगू द्या. आणि पट निघाला की दोघंही गप्प बसा.

तुम्हाला आवडणारा कुस्ती-कबड्डीचा समालोचक कोण आणि का, ते नक्की कळवा. ‘भारी बोलतो’ एवढंच नको. तो नेमकं काय करतो तेही लिहा. भेटू पुढच्या भागात.