पायाला न कळणारा ब्रेक

परभणी जिल्ह्यातल्या पालमला रेल्वे नाही. परभणी-परळी लोहमार्ग गंगाखेडवरून जातो, त्यामुळे तालुक्यातला ऊस, कापूस, सोयाबीन, आणि बाहेरून येणारं खत-सिमेंट, सगळं ट्रकवर. वाट एकीकडे गोदाकाठच्या काळ्या चिखलाची, दुसरीकडे बालाघाटच्या चढउतारांची. अशा मुलखात भरलेली गाडी कुठे घुसली की कारण तयारच असतं: 'ब्रेक फेल'. जणू ब्रेकला हृदयविकाराचा झटका येतो! हवेचा ब्रेक असा एका क्षणात क्वचितच जातो. तो आठवड्यामागून आठवडे निकामी होत असतो, आणि त्याची रचनाच अशी की पेडलवरच्या पायाला ते कळत नाही.

मोटारीत ब्रेकचं तेल कमी झालं तर पेडल खोल जातं, पाय सावध होतो. ट्रकचं पेडल मात्र फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडतं. टाकीतली सात-आठ बार दाबाची हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते, दांडा पुढे ढकलते, स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर-ड्रममधलं अंतर जुळवणारा हात) फिरतो आणि लायनर ड्रमला घासतात. लायनर झिजले की दांड्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि चाल संपत आली की त्याचा जोर झपाट्याने उतरतो. त्यातच उतारावर सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापून फुगतो, अंतर आणखी वाढतं. रिकाम्या गाडीत, सपाट रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही. जाणवतं ते भरलेल्या गाडीत, उतारावर. नळी फुटून हवा गेली तर निदान स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, कारण त्याला हवाच मागे धरून ठेवते. झिजेला असा पहारेकरी नाही.

यावर पहिला आक्षेप: खरा गुन्हेगार जादा माल. तो आहेच. 2018 पासून दोन आसांच्या ट्रकला मालासह साडेअठरा टन आणि तीन आसांच्या ट्रकला साडेअठ्ठावीस टन अशी वाढीव मर्यादा मिळाली, तीही पाळली जात नाही अशी तक्रार असते. पण वजन आणि ढिला ब्रेक ही दोन वेगळी कारणं मानणं चूक. वजन दुप्पट तर थांबताना ड्रममध्ये ओतली जाणारी उष्णताही दुप्पट, म्हणजे जादा माल झिजलेल्या ब्रेकची उरलीसुरली चालच खातो. दुसरा आक्षेप नव्या गाड्यांचा: आता एबीएस आहे, स्लॅकही आपोआप जुळतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. लायनर किती उरलाय ते सांगत नाही. आपोआप जुळणाऱ्या स्लॅकलाही ग्रीस लागतं, आणि तो जुळेनासा झाला की पान्याने आवळून वेळ मारून नेणं म्हणजे दुखणं झाकणं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: वेळ कुठे आहे? तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, पैसे खेपेवर मिळतात. पण हंगामात कारखान्याच्या आवारात भरलेल्या गाड्या तासन्‌तास नंबर लावून उभ्या असतात. तपासणी त्या वेळात होऊ शकते; तिला सपाट जागा लागते, चाकांना उटी लागते, हँडब्रेक सोडावा लागतो, आणि माणसं दोन: एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली वाकून दांड्यावरची खडूची खूण किती सरकली ते पाहायचं. क्लीनरचा पगार वाचवणारा मालक नेमका हा दुसरा माणूस काढून टाकतो. ड्रायव्हर त्या रांगेत झोपतो, आणि त्याला दोष देता येत नाही. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते, ऊसगाडीच्या खेपांनी ते कधी विचारले नाहीत. मग टाकीखालचा कॉक उघडून साचलेलं पाणी सोडणंही राहतं. त्या पाण्याबरोबर तेल निघालं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्याची ती पहिली खबर असते, पण ती ऐकायला गाडीखाली कुणीतरी असावं लागतं. काट्यावर मात्र उसाचं वजन चोख होतं.