निर्मलाची ‘निमर्ला’ होऊ नये म्हणून



आमच्या बचत गटाची जुनी यादी नव्या संगणकावर उघडली आणि आम्ही चक्रावलो. सभासदांच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे! “फाइल बिघडली, पुसून टाका,” असा सल्ला मिळाला. बरे झाले, आम्ही ऐकला नाही. फाइल शाबूत होती.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरवावे लागते. पूर्वीचे कित्येक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवत. कृतिदेवमध्ये ‘मुलगी’ लिहिले, की आत साठतात ई, क्यू, वाय, एक्स, एच ही इंग्रजी अक्षरे. फॉन्ट असेल तर ‘मुलगी’ दिसते, नसेल तर ती पाच अक्षरे. त्यात प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. ‘क’चा क्रमांक २३२५. फॉन्ट बदला, मोबाइल बदला, क्रमांक तोच राहतो.

मग जुने लिखाण युनिकोडमध्ये कसे आणायचे? त्यासाठी रूपांतर करणारी साधने मिळतात. पण नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे. साधन इथे चुकले, की ‘निर्मला’ची ‘निमर्ला’ होते. यादीत एक नाव आणि पासबुकात दुसरे, मग बँकेत खेटे कोण घालणार?

म्हणून एवढे कराच. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. फॉन्टचे नाव शोधा आणि त्याच फॉन्टसाठीचे साधन वापरा. बँकेचा आयएफएससी कोड, ईमेल असा इंग्रजी मजकूर वेगळा काढा, नाहीतर त्याचेही निरर्थक मराठी होईल. शेवटी दोघींनी ताळा करा: एकीने जुना छापील कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने पडद्यावर बोट ठेवून नाव तपासायचे.

आमची यादी अशीच दोन दुपारींत सुधारली. तुमच्याकडेही अशी ‘बिघडलेली’ फाइल असेल, तर मैत्रिणींनो, पुसू नका. तिच्यात आपलीच नावे आहेत.