ई-मेलच्या पत्रयादीतील शिष्टाचार व यादीतून रीतसर नाव कमी करणे



सोनाळा, टुनकी, पातुर्डा वा वरवट बकाल, आपल्या तालुक्यातील कोणत्याही गावची शाळा घेतली तरी तिच्याकडे आज टपालाच्या पिशवीतून येणाऱ्या कागदांपेक्षा ई-मेलने येणारे कागद कितीतरी अधिक असतात. परिपत्रके, प्रशिक्षणाच्या सूचना, स्पर्धांच्या जाहिराती, विज्ञानविषयक वार्तापत्रे, पुस्तकविक्रेत्यांच्या सूची, हे सर्व एकाच पेटीत येऊन पडते. त्यांतील पुष्कळसे आपण केव्हातरी स्वतःच मागविलेले असते व पुढे नकोसे झालेले असते. नकोसे झालेले पत्र थांबवावे कसे, हा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेचे उदाहरण घ्यावे. आपल्या जिल्ह्याचे विद्यालय शेगाव येथे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील विद्यार्थ्यास या परीक्षेस एकदाच बसता येते. अर्जाची मुदत टळली तर त्यास पुन्हा संधी नाही. ती मुदत कळविणारे पत्र "माझे नाव काढा" अशा वीस-पंचवीस पत्रांच्या ढिगाखाली दडले, तर त्याची किंमत सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या मुलास मोजावी लागते.

मेलिंग लिस्ट, म्हणजे पत्रयादी, ही रचना मुळात फार साधी आहे. संगणकावर अनेकांच्या पत्त्यांची एक नोंदवही असते व त्या नोंदवहीस स्वतःचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एक पत्र टाकले की त्याची प्रत नोंदवहीतील प्रत्येकास जाते. आरंभी या नोंदवह्या माणसे हाताने सांभाळीत. नाव घालणे वा कमी करणे हे व्यवस्थापकास वेळ मिळेल तेव्हा होई. १९८६ साली पॅरिसमधील एरिक थॉमस या विद्यार्थ्याने हे काम आपोआप करणारी लिस्टसर्व्ह नावाची प्रणाली तयार केली, आणि तेव्हापासून ठरावीक शब्द ठरावीक पत्त्यावर पाठविला की संगणकच नाव चढवू व उतरवू लागला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी, कारण बहुतेक सारा घोटाळा तिच्या अज्ञानातून होतो. पत्रयादीचे पत्ते दोन असतात. एक सर्व सभासदांस पत्र पाठविण्याचा आणि दुसरा नोंदवही सांभाळणाराचा. शाळेची उपमा द्यावयाची तर पहिला पत्ता म्हणजे प्रार्थनेसाठी मैदानात जमलेली सर्व मुले व दुसरा म्हणजे मुख्याध्यापकांचे टेबल. दाखला पाहिजे असलेला पालक प्रार्थनेच्या वेळी मैदानात उभा राहून मोठ्याने दाखला मागत नाही. तो टेबलाशी जातो. परंतु हेच सुज्ञ गृहस्थ ई-मेलवर आले की "माझे नाव कमी करावे" हा अर्ज बिनदिक्कत मैदानात वाचतात. त्या अर्जाने नाव कमी होत नाही, कारण मैदानातील कोणाही सभासदास नोंदवहीला हात लावता येत नाही. उलट, ते पत्र पाहून दुसऱ्यास "माझेही" असे लिहिण्याची इच्छा होते, तिसरा "सर्वांना उत्तरे पाठवू नका" असे सर्वांनाच उत्तर पाठवितो, आणि मूळ विषय बाजूस राहतो.

हे केवळ खेड्यापाड्यांत घडते असे कोणी समजू नये. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत चाचणी म्हणून पाठविलेले एक पत्र चुकून आठ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांवर गेले. एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु कित्येकांनी "मला या यादीतून वगळा" असे उत्तर सर्वांना पाठविले, त्या प्रत्येक उत्तराच्या पुन्हा आठ लाखांवर प्रती निघाल्या, आणि सर्व सेवेचा पत्रव्यवहार मंदावला. डॉक्टर व परिचारिका यांच्या कामाची पत्रे त्या गर्दीत अडकून पडली. शिकलेल्या माणसांच्या हातून हे झाले, हे विशेष.

तेव्हा नाव कमी करण्याची रीत कोणती? पत्र उघडून प्रथम अगदी तळाशी पाहावे. बहुतेक पत्रयाद्यांच्या पत्रांत तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत अनसबस्क्राइब हा शब्द असतो. त्यावर बोट ठेवले की एक पान उघडते व तेथे इच्छेला दुजोरा द्यावा लागतो. जीमेलमध्ये पुष्कळदा हाच शब्द पत्राच्या माथ्यावर, पाठविणाऱ्याच्या नावाशेजारी, दिसतो. ही सोय आता मोठ्या संस्थांच्या मर्जीवर राहिलेली नाही. दररोज पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्यांनी आपल्या प्रचारपत्रांतून एका टिचकीसरशी बाहेर पडता येईल अशी सोय द्यावी व विनंती दोन दिवसांत अमलात आणावी, असा दंडक गूगलने २०२४ सालापासून घातला आहे. गूगल ग्रुप्सवर चालणाऱ्या गटात तर याहूनही सोपा उपाय आहे. गटाच्या पत्त्यात ॲट या चिन्हापूर्वी जे नाव असते, त्याला लागूनच अधिकचे चिन्ह व इंग्रजीत अनसबस्क्राइब हा शब्द जोडावा व त्या पत्त्यावर कोरे पत्र पाठवावे. दुजोरा मागणारे उत्तर आले तर त्यास तसेच उत्तर द्यावे, की काम झाले. ते दुजोऱ्याचे पत्र न वाचताच पुष्कळ लोक थांबतात व पुढे यंत्राला दोष देतात.

"सर्व केले, तरी पत्रे येतातच" अशी तक्रारही ऐकू येते. तिचे कारण बहुधा असे असते की नाव नोंदविले एका पत्त्याने व विनंती केली दुसऱ्या पत्त्यावरून. शाळेच्या पत्त्यावरील पत्रे आपोआप स्वतःच्या पत्त्यावर वळवून घेतली असतील तर हे हमखास घडते. आलेल्या पत्राच्या माथ्यावर ते कोणत्या पत्त्यास उद्देशून आहे ते पाहावे व त्याच पत्त्यावरून विनंती करावी.

तळाशी काहीच सोय नसेल तर व्यवस्थापकास, आणि केवळ त्यासच, चार ओळी लिहाव्यात. नमुना असा: "मा. व्यवस्थापक यांस, सप्रेम नमस्कार. या पत्त्यावर आपल्या यादीची पत्रे येत असतात. माझ्याकडील विषय बदलल्यामुळे यापुढे त्यांची आवश्यकता नाही. कृपया हा पत्ता यादीतून कमी करावा. आजवर पाठविलेल्या माहितीबद्दल आभारी आहे." कारण दिलेच पाहिजे असे नाही, परंतु ज्याने वर्षानुवर्षे फुकट मजकूर पुरविला त्यास एक ओळ लिहिण्यास काही वेचावे लागत नाही.

आता एका वाईट सवयीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. जे पत्र आपणच मागविले, ते नकोसे होताच काही जण त्यावर स्पॅमचा, म्हणजे उपद्रवी टपालाचा, शिक्का मारून मोकळे होतात. जुन्या पिढीतील शिक्षकांस व्ही. पी. आठवत असेल. ही पद्धत आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली व मराठी मासिकांचा मोठा व्यवहार तिच्यावर चाले. वर्गणी संपली की संपादक कळवीत, "पुढील अंक व्ही. पी. ने पाठवीत आहोत, नको असल्यास आधी कार्ड टाकावे". कित्येक वर्गणीदार कार्ड टाकीत नसत व व्ही. पी. आली की ती परत करीत. टपालखर्च संपादकाच्या माथी बसे. स्पॅमचा शिक्का ही त्याच जातीची गोष्ट आहे, किंबहुना तिचा फटका अधिक दूर जातो. शिक्के पडू लागले की टपाल सांभाळणारी कंपनी त्या संस्थेची पत्रे इतरांच्याही रद्दीच्या कप्प्यात टाकू लागते. गूगलने यासाठी जी मर्यादा सांगितली आहे ती शेकडा ०.३ इतकी, म्हणजे हजारात तीन, आहे. एखाद्या शैक्षणिक संस्थेचे वार्तापत्र आपणास नको असेल, पण शेजारच्या गावच्या शिक्षिका त्याची वाट पाहत असतील. आपल्या शिक्क्यामुळे ते त्यांच्या हाती पडत नाही, आणि का पडत नाही हे त्यांस कळतही नाही.

याला अपवाद आहे व तो महत्त्वाचा आहे. जे पत्र आपण कधीच मागविले नाही, पाठविणारा अनोळखी आहे, बक्षीस लागल्याचे वा बँकेचे खाते बंद पडणार असल्याचे सांगतो, अशा पत्रातील अनसबस्क्राइब या शब्दावर बोट ठेवू नये. त्यायोगे आपला पत्ता जिवंत असल्याचे ठगास कळते, आणि पुढचे पान फसवणुकीचेही असू शकते. तेथे मात्र स्पॅमचा शिक्काच योग्य होय.

बदलीच्या प्रसंगी विशेष दक्षता हवी. शाळेचा ई-मेल पत्ता हा शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे शाळेचा आहे, मुख्याध्यापकांचा नव्हे. कार्यमुक्त होताना चार्जयादीत त्या पत्त्याची नोंद करावी, त्याचा पासवर्ड व त्यास जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक नव्या प्रमुखांच्या स्वाधीन करावा. त्या पत्त्यावर आपल्या वैयक्तिक आवडीची वार्तापत्रे मागविली असतील तेवढी बंद करावीत. परंतु पंचायत समिती, जिल्हा परिषद वा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांच्या यादीतून शाळेचे नाव काढू नये. शासकीय परिपत्रक ही वर्गणी नव्हे; तेथे फार तर पत्ता बदलून मागता येतो.

पुष्कळदा यादी सोडण्याची गरजही नसते. अनेक याद्यांत दिवसभराची पत्रे एकत्र करून एकच पत्र पाठविण्याची सोय असते, ती निवडावी. उन्हाळ्याच्या सुट्टीत "मी रजेवर आहे" असे आपोआप जाणारे उत्तर लावणाऱ्यांनी ते यादीवर जात नाही ना, हे पाहावे. लिहिताना विषयाची ओळ नेमकी असावी, मजकूर युनिकोड देवनागरीत असावा, जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन उतरतो. पालकांना एकदम पत्र पाठवायचे तर पत्ते गुप्त प्रतीच्या, म्हणजे बीसीसीच्या, रकान्यात घालावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटांसही हाच न्याय लागू आहे. २०२२ पासून तेथे गट सोडल्याची सूचना केवळ ॲडमिनलाच जाते, तेव्हा संकोचाचे कारण उरलेले नाही. ॲडमिनवर सर्व भार टाकण्याची वृत्तीही बरी नव्हे. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असे म्हटले की, समान हेतू वा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. जो लिहितो त्याचीच ती जबाबदारी.

ज्या शिक्षकांकडे गटाची वा यादीची व्यवस्था आहे त्यांनी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम लक्षात ठेवावा. संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती मागे घेणेही सुलभ असावे, हे तत्त्व त्यात घातले आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. तोवर वाट न पाहता प्रत्येक पत्राच्या तळाशी नाव कमी करण्याची रीत मराठीत एका ओळीत छापावी. विनंती आल्यावर नाव काढून "आपले नाव कमी केले आहे" असे त्या व्यक्तीस कळवावे, यादीस नव्हे.