पानफुटीची आंबट पहाट

पानफुटीचं पान पहाटे चांगलं आंबट लागतं, दुपारपर्यंत बेचव होतं आणि संध्याकाळी किंचित कडवट. ही नोंद १८१३ साली बेंजामिन हाइन यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवली आणि १८१५ मध्ये ती छापून आली. हाइन मूळचे जर्मन. मोरेव्हियन मिशनबरोबर ते तरंगमबाडीला आले आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. बंगळुरूची लालबागही काही काळ त्यांच्या देखरेखीखाली होती. या शोधासाठी त्यांना एकच उपकरण पुरलं, ते म्हणजे जीभ. प्रकाशात पानातला ऑक्सिजन निघून जातो म्हणून आंबटपणा उतरत असावा, असा त्यांचा कयास होता. तो पुरता बरोबर नव्हता, पण प्रश्न इतका अचूक होता की त्याचं पूर्ण उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

आधी शाळेतली उजळणी, भराभर. पानाच्या पेशीत हरितलवकं असतात. त्यांच्यातल्या चकत्यांच्या पडद्यांवर हरितद्रव्य ऊन टिपतं. त्या ऊर्जेनं पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि एटीपी व एनएडीपीएच ही दोन संयुगं तयार होतात. हा प्रकाश टप्पा. या दोन संयुगांच्या जोरावर चकत्यांभोवतीच्या द्रवात कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडते, तो अंधार टप्पा. असे दोन टप्पे असावेत, हे ब्लॅकमन यांच्या १९०५ च्या कामातून दिसू लागलं. ऑक्सिजन पाण्यातून येतो हे रूबेन आणि केमन यांनी १९४१ मध्ये दाखवलं. साखर घडण्याचं चक्र बर्कलीत कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी शैवालाला किरणोत्सारी कार्बन देऊन उलगडलं. १९६१ चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विन यांना मिळालं. बेन्सन यांच्यावर तो अन्याय होता, असं माझं ठाम मत आहे.

आता पुन्हा पानफुटीकडे. अंधार टप्पा रात्री चालतो असा समज अजून फार पसरलेला आहे. आंबा, भात, गहू, वांगं यांत तो दिवसाच चालतो. त्याला लागणारी एटीपी आणि एनएडीपीएच प्रकाश टप्प्यातून ताजी मिळावी लागतात, शिवाय या चक्रातली काही विकरं उजेड पडल्यावरच कामाला लागतात. म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडायची तीही ऐन उन्हात. रंध्र उघडलं की पाणी उडून जातं. भातासारख्या वनस्पती एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. पानफुटी आणि तिच्या पंथाच्या वनस्पतींचं तेवढंच काम ५० ते १०० ग्रॅममध्ये भागतं.

कसं, हे समजलं तेव्हा मी थक्क झालो होतो आणि इतकी वर्षं शिकवूनही ते आश्चर्य ओसरलेलं नाही. आपल्याकडे टंचाईच्या गावात नळाला रात्री दोनला पाणी येतं, तेव्हा उठून पिंपं भरून ठेवायची आणि दिवसभर त्यातलं वापरायचं. पानफुटी कार्बन डायऑक्साइडचं हेच करते. रात्री हवा थंड आणि दमट असते, तेव्हा ती रंध्रं उघडते. आत आलेला वायू पेप कार्बोक्सिलेज नावाचं विकर एका तीन कार्बनी संयुगाला जोडतं. ते संयुग दिवसा साठवलेल्या स्टार्चमधून येतं. शेवटी मॅलिक आम्ल तयार होतं, कच्च्या सफरचंदाला आंबटपणा देणारंच. ते पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत रात्रभर साठत जातं. हाइन यांच्या जिभेला पहाटे लागली ती ही साठवण.

ऊन चढलं की रंध्रं मिटतात. मॅलिक आम्ल रिक्तिकेतून बाहेर येतं, मोडतं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड बंद पानाच्या आत मोकळा होतो. तिथे प्रकाश टप्पा जोरात चालू असतो, त्यामुळे कॅल्विन चक्र लगेच तो वायू उचलतं. दुपारपर्यंत आम्ल संपतं, चव जाते. याचा आणखी एक लाभ होतो. रुबिस्को हे कार्बन पकडणारं विकर एरवी चुकून ऑक्सिजनही पकडतं आणि झाडाचं नुकसान करतं. बंद पानात कार्बन डायऑक्साइड इतका दाटतो की ही चूक फारशी होत नाही. मात्र एका रात्रीत साठवण किती होणार, हे रिक्तिकेच्या आकारावर ठरतं. म्हणून या वनस्पतींची पानं किंवा खोडं मांसल असतात आणि वाढ बहुधा संथ असते.

जर्मन कवी गटे यांनाही हे झाड फार प्रिय होतं, पण पानाच्या कडेला फुटणाऱ्या इवल्या रोपांसाठी. ते मित्रमंडळींना पानं भेट पाठवत. पहाटेची चव त्यांनी पाहिली असती तर, असं मला नेहमी वाटतं.

अननस, घायपात, कोरफड, फड्या निवडुंग हे सगळे याच पंथाचे. ड्रॅगन फ्रूटही. सांगली-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात त्याच्या बागा वाढल्या, त्यामागे बाजारभाव आहे तसंच हे रात्रीचं शरीरशास्त्रही आहे. जतकडच्या एका बागेत मी मुद्दाम रात्री थांबलो होतो. पांढरी, हातभर फुलं उमललेली होती आणि बागायतदार मला फुलं दाखवत होते. माझं सगळं लक्ष हिरव्या खोडांकडे होतं, कारण त्या घटकेला श्वास घेत होती ती खोडं. (ऊस आणि ज्वारी यांची तऱ्हा आणखी वेगळी. ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ च्या सुमारास उसावर ती उलगडली. तिथे कार्बन पकडणं आणि साखर घडवणं या कामांची वाटणी वेळेत नसून दोन प्रकारच्या पेशींत असते. त्यावर स्वतंत्र लेख हवा.)

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच हवी. पिंपळ, तुळस किंवा नर्सरीत शयनगृहासाठी विकली जाणारी नागफणीसारखी झाडं रात्री ऑक्सिजन देतात, हा मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरतो. तो खोटा आहे. ऑक्सिजन पाणी फुटल्यावरच मिळतो आणि पाणी प्रकाशाशिवाय फुटत नाही. पानफुटीच्या पंथातली झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात हे खरं, पण ऑक्सिजन एकही झाड रात्री तयार करत नाही. पिंपळ लावावा, जरूर लावावा. त्याची सावली आणि पाखरांना मिळणारी फळं एवढी कारणं पुरेशी आहेत.

शिक्षक वाचकांना एक विनंती. अंधार टप्पा फळ्यावर शिकवण्याआधी शाळेत पानफुटीची एक कुंडी आणा. पान चाखायला मात्र मुलांना लावू नका. या कुळातल्या वनस्पतींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात आणि ती खाऊन गुरं दगावल्याची उदाहरणं आहेत. पूर्ण वाढलेलं एक पान सूर्योदयापूर्वी तोडून खलात वाटा, त्याच झाडाचं दुसरं पान संध्याकाळी वाटा, आणि दोन्ही रसांत पीएच पट्टी बुडवा. सकाळचा आकडा संध्याकाळपेक्षा कमी येईल. आदल्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं असावं आणि कुंडी रात्री व्हरांड्यात बाहेर ठेवलेली असावी, एवढं पाहा.